घरच्या पोर्चमध्ये बसकी स्पोर्ट्स कार उचलताय? आधी या चुका टाळा

कोल्हापुरात आता दोन सीटच्या जुन्या गाड्या, स्प्रिंग बदलून खाली बसवलेल्या सेडान, मधूनच एखादी मस्टँग असं बरंच काही रस्त्यावर दिसतं. घेणारी पोरं हौशी आहेत. ऑइल स्वतः बदलायचं, ब्रेक पॅड स्वतः टाकायचे म्हणतात, आणि ते मला मनापासून आवडतं. पण गाडी जॅकवर उचलायची वेळ आली की सगळ्यांना घाई सुटते. "पाच मिनिटांचं काम हाय, मामा" हे ऐकलं की मला धडकी भरते. वर दीड टनाचं वजन आहे. पाच मिनिटांच्या कामासाठी गाडी उचलायला अर्धा तास लागला तर लागू दे.

हॅन्डब्रेक आणि गिअरवर विसंबणं

या चुकीवर मी सर्वात जास्त बोलणार आहे, कारण जॅकवरून पडलेली जवळजवळ प्रत्येक गाडी पडण्याआधी सरकलेली असते. जॅक तुटला, असं फार क्वचित घडतं.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा हॅन्डब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. म्हणजे मागची बाजू उचलली की जमिनीवर राहिलेली पुढची दोन चाकं मोकळी. मग पोरं म्हणतात, गिअरमध्ये टाकली आहे की. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरही मागच्याच चाकांना धरतो. त्यातही मागचं एकच चाक उचललं आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी पेटी) साधं असेल, तर हवेतलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं फिरतं आणि गाडी गिअरमध्ये असूनही चालू लागते. ऑटोमॅटिकमधल्या 'पी'चं, म्हणजे पार्कचंही तेच.

रुईकर कॉलनीतल्या एका ओळखीच्या घरी हे जसंच्या तसं झालं. पोरानं पुण्याहून मागच्या चाकांवर चालणारी जुनी कूपे आणली होती. मागची डिस्क बदलायची होती. डिस्कच्या आत हॅन्डब्रेकचे शू असतात, ती निघावी म्हणून त्यानं हॅन्डब्रेक सोडला. गाडी पहिल्या गिअरमध्ये, एक चाक वर, खाली फक्त जॅक. आता घरांच्या पोर्चला पाण्याचा ढाळ असतोच, तो गेटकडे. डोळ्यांना दिसत नाही, पण गाडीला कळतो. कॅलिपरचा (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) बोल्ट जाम होता, त्यानं पान्यावर जोर दिला, आणि गाडी वीतभर पुढे गेली. जॅक तिरका झाला, त्याच्या डोक्यानं दाराखालचा पत्रा आत दाबला आणि डिस्क शहाबादी फरशीवर आदळली. फरशीचे तीन तुकडे. पोरगा मडगार्डपाशी मांडी घालून बसला होता. गाडी त्याच्या दिशेनं कलली नाही, एवढ्यावर निभावलं. वडिलांचा फोन आला म्हणून मी गेलो, तेव्हाही तो थरथरत होता. त्याच्यापासून दहा पावलांवर बागेच्या कट्ट्याला लाकडाचे ओंडके रचून ठेवले होते. त्यातले चार उचलून चाकांना लावायचे, एवढंच राहिलं होतं.

उसाचा ट्रॅक्टर चढावर थांबला की ड्रायव्हर खाली उतरून आधी चाकाला उटी लावतो. ब्रेक कितीही चांगले असोत, तो लावतो. तीच सवय लावून घ्या. जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून उटी. मी टिंबर मार्केटमधून तिरके कापलेले लाकडी ठोकळे आणले आहेत. विटेचा तुकडा नको, तो चाकाखाली चुरतो. आणि जाम नट-बोल्टवर पहिला जोर गाडी चारही चाकांवर असताना द्यायचा. चाकाचे नट तर जमिनीवरच पाव फेरा सैल करून घ्यायचे.

जॅक आत जात नाही म्हणून भलतीकडे लावणं

साधा ट्रॉली जॅक सर्वात खाली असतानाही 130 ते 140 मिमी उंच असतो. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून 100 ते 130 मिमीवर. टायर पंक्चर असेल तर त्याहून खाली. बाटली जॅकचा तर विचारच सोडा. मग सुरू होतं नको ते: जॅक पुढून बंपरखाली घुसवायचा, पोटाखालच्या प्लॅस्टिकच्या ट्रेला लावायचा, नाहीतर इंजिनखालच्या ऑइलच्या डब्याला, म्हणजे संपला लावायचा. ट्रे फुटतो, संप चिरतो आणि ऑइल बदलायला काढलेली गाडी टो करून न्यावी लागते.

उपाय दोन. एक, 75 ते 90 मिमीवर बसणारा लो-प्रोफाइल जॅक घ्या. दुसरा मी स्वतः जास्त वापरतो: दोन इंच जाड आणि टायरपेक्षा रुंद फळ्या जमिनीवर टाकायच्या, टोकं तासून घ्यायची, आणि गाडी हळूच त्यांवर चढवायची. मग जॅक आरामात जातो. मात्र चाक काढून परत बसवल्यावर गाडी खाली घेताना ती फळी पुन्हा चाकाखाली सरकवायला विसरू नका. विसरलात तर गाडी आधीपेक्षा दोन इंच खाली येते आणि जॅक पोटाखाली अडकून बसतो.

कुठे उचलायची ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. काही गाड्यांना दाराखाली पत्र्याची उभी शिवण असते, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलना प्लॅस्टिकचा चौकोनी ठोकळा असतो. शिवणीला खाच असलेला रबरी पॅड लागतो. उद्यमनगरात कुठल्याही टर्नरला माप दिलं तर तो जॅकच्या डोक्यात बसेल असा पॅड करून देतो. आणि जुनी गाडी घेतली असेल तर त्या शिवणीवर आधी स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघा. 2019 आणि 2021 च्या पुरात शाहूपुरी, रमणमळा, नागाळा पार्क भागात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. वरून रंग चकाचक असतो आणि शिवण आतून कुजलेली असते. स्क्रू-ड्रायव्हर आत गेला तर तिथे जॅक लावायचा नाही, आधी पत्र्याचं काम करून घ्यायचं.

फरशी न बघणं

गाडी वर जाते तेव्हा जॅकचं डोकं सरळ वर जात नाही, कमानीत जातं. म्हणून जॅकला चाकं असतात, त्यानं थोडं पुढे-मागे सरकायलाच हवं. पेव्हर ब्लॉकच्या फटीत त्याचं चाक अडकलं की जॅक तिथेच राहतो आणि डोकं पत्र्यावरून घसरायला लागतं. पंप मारताना नजर हँडलवर नको, जॅकच्या डोक्यावर आणि चाकांवर ठेवा. सगळ्यात उत्तम जागा म्हणजे सपाट कोबा. शहाबादी असेल तर ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर दुसरी जागा शोधा. गुळगुळीत ग्रॅनाइटवर तर मी कधीच उचलत नाही.

जॅकवरच्या गाडीखाली जाणं

जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी स्टँड, म्हणजे गाडीखाली ठेवायचे लोखंडी आधार आहेत. जॅकच्या आतलं तेल धरणारं सील कधी दगा देईल ते बाहेरून दिसत नाही. नीट रेटिंग असलेले स्टँड जोडीनं घ्या, खाली 18 मिमी प्लायचा तुकडा घाला. वीट, चिरा, सिमेंटचा ब्लॉक अजिबात नाही. ते आधी तडकून इशारा देत नाहीत, एकदम जातात. स्टँडवर वजन आलं की गाडीला खांद्यानं जोरात हलवून बघा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा.

बसक्या गाडीत एक खरी अडचण येते. उचलायच्या जागी जॅक असतो, मग स्टँड कुठे? मॅन्युअलमध्ये मधल्या क्रॉस-मेंबरवर (गाडीखालच्या आडव्या तुळईवर) उचलायची जागा दिली असेल तर जॅक तिथे, स्टँड बाजूंना. दिली नसेल तर अंदाजानं जागा शोधू नका. दोन खांबांची लिफ्ट असलेल्या वर्कशॉपमध्ये गाडी न्या. स्वतः करायचा हट्ट इथे सोडायला मी प्रत्येक पोराला सांगतो.

किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या

एअर सस्पेन्शन असेल तर आधी जॅक मोड (गाडीनं आपोआप उंची बदलू नये म्हणूनची सेटिंग) चालू करा.

जॅक पंप मारूनही वर जात नसेल तर आत हवा असू शकते: वॉल्व्ह उघडून हँडल बऱ्याचदा मारा, मग तेलाची पातळी बघा. त्यात जॅक ऑइलच घाला, ब्रेक ऑइलनं सील फुगतात.

एक बाजू एकदम पूर्ण उंच करू नका, डावी-उजवी थोडी थोडी घ्या.

खाली घेताना वॉल्व्ह केसभर उघडा. गाडी जमिनीवर आल्यावर चाकाचे नट समोरासमोरचे धरून टॉर्क रेंचनं (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं), मॅन्युअलमधल्या आकड्याइतके आवळा आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा तपासा.