घरी झकास, स्टेजवर भकास: मॉडेलर आणि मॉनिटरच्या या चुका टाळा

हेडफोन लावून रात्र-रात्र बसून गिटार मॉडेलरवर (अँप, स्पीकर आणि इफेक्ट्सची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) बांधलेला पॅच (जतन केलेलं आवाजाचं सेटिंग) स्टेजवर गेला की एकतर घुमतो, नाहीतर कानात टोचतो. मग दोष यंत्राला दिला जातो. हेलिक्स, केम्पर, क्वाड कॉर्टेक्स, टोनेक्स यांपैकी काहीही पायाशी असलं तरी त्याचा आवाज स्टेजला पुरून उरतो. घोळ होतो तो दोन ठिकाणी: पॅच किती आवाजात बांधला त्यात, आणि आउटच्या सॉकेटपासून वेजपर्यंतच्या (वाजवणाऱ्यासमोर जमिनीवर ठेवलेला तिरका मॉनिटर स्पीकर) वाटेत.

हळू आवाजात पॅच बांधणे

बाकीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच आहे. माणसाच्या कानाला हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरचा भाग कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. घरी हळू वाजवताना आवाज पोकळ वाटतो, म्हणून हात आपसूक बेस आणि ट्रेबलकडे जातो. तोच पॅच स्टेजच्या आवाजात वाजला की कान दोन्ही टोकं नीट ऐकू लागतो. वाढवलेला बेस घुमतो, वाढवलेला ट्रेबल टोचतो, आणि गिटारचा खरा जीव असलेला मधला भाग बँडखाली गाडला जातो.

तासाच्या भाड्याने रिहर्सल रूम घ्या. वेज स्टेजवर ठेवता तसाच जमिनीवर तिरका ठेवा, दोन मीटर मागे उभे राहा, आणि मोबाइलवरच्या डेसिबल मीटरचा काटा ९० च्या आसपास येईल इतका आवाज करा. सोबत ड्रम आणि बेसचा ट्रॅक लावा, एकट्या गिटारवर निर्णय घेऊ नका. आधी अँपचा बेस कमी करा, मग मिड वाढवा, प्रेझेन्सला (अगदी वरची धार वाढवणारा नॉब) सर्वात शेवटी हात लावा. चारच पॅच बांधा: क्लीन, क्रंच, रिदम, लीड. मधे दर वीस मिनिटांनी कानांना विश्रांती द्या, कारण थकलेला कान ट्रेबल वाढवतच सुटतो.

कॅब दोनदा, किंवा एकदाही नाही

आवाज डब्यात मधमाशा कोंडल्यासारखा येत असेल तर कॅब (गिटारच्या स्पीकर कॅबिनेटची नक्कल) किंवा आयआर (खऱ्या कॅबिनेटच्या आवाजाचा नमुना) ब्लॉक बंद आहे. घोंगडी पांघरल्यासारखा येत असेल तर कॅब दोनदा लागला आहे. म्हणजे मॉडेलरमधला कॅब चालू आहे आणि समोरही गिटारचाच स्पीकर आहे. नियम साधा आहे. पीए (प्रेक्षकांसाठीची ध्वनियंत्रणा), वेज, इन-इअर किंवा एफआरएफआर (सगळे स्वर सपाटपणे वाजवणारा) स्पीकर असेल तर कॅब चालू. पॉवर अँप आणि गिटार कॅबिनेट असेल तर कॅब बंद. दोन्ही एकाच वेळी वापरत असाल तर सिग्नल कॅबच्या आधी फोडा. एक फाटा कॅबसकट मिक्सरला, दुसरा कॅबविना पॉवर अँपला. केम्परवर यासाठी मॉनिटर आउटपुरता कॅब बंद करण्याची सोय आहे.

भाड्याने आलेला गिटार कॉम्बोच मॉनिटर म्हणून वापरायचा झाला तर समोरच्या इनपुटमध्ये केबल घालू नका, मागच्या एफएक्स रिटर्नमध्ये घाला. नाहीतर एका प्रीअँपवर दुसरा प्रीअँप चढतो आणि कुठलाही नॉब फिरवला तरी आवाज चिखलच राहतो.

लो कट, हाय कट न लावणे

गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. वेजचा हॉर्न (उंच स्वर वाजवणारा भाग) मात्र पार वरपर्यंत वाजतो, त्यामुळे कॅबवर ठेवलेल्या माइकने पकडलेली सगळी खरखर तो प्रामाणिकपणे ऐकवतो. कॅब ब्लॉकमध्ये हाय कट (त्याच्या वरचं सगळं कापणारा फिल्टर) ६ ते ८ किलोहर्ट्झ आणि लो कट (त्याच्या खालचं कापणारा) ९० ते १२० हर्ट्झ ठेवून सुरुवात करा. सहाव्या तारेची मोकळी ई ८२ हर्ट्झची असते, मग तिच्या वर कट लावला तर ती मरणार नाही का, असं वाटणं साहजिक आहे. मरत नाही. तिची ओळख वरच्या हार्मोनिक्समधून होते. खालच्या जागेत किक, बेस आणि ऑर्केस्ट्रा असेल तर कीबोर्डवाल्याचा डावा हात आधीच ठाण मांडून असतो.

वेज कुठे आणि कसा ठेवला आहे

जमिनीवर टेकवलेल्या स्पीकरचा खर्ज जमिनीमुळे वाढतो, कोपऱ्यात सरकवला तर आणखी. अशा वेळी पॅच बदलायचा नसतो, कारण मिक्सरला जाणारा आवाज त्या कोपऱ्यात नाही. वेजपुरती दुरुस्ती करा. स्पीकरच्या मागे मॉनिटर मोड असेल तर तो लावा. उदाहरणार्थ, यामाहा डीएक्सआरवर डी-कॉन्टूरचं मॉनिटर सेटिंग जमिनीवर ठेवण्यासाठीच आहे. खर्ज आणि ट्रेबल फुगवणारे मोड बंदच असू द्या. हेलिक्सवर ग्लोबल ईक्यू (सगळ्या पॅचना लागू होणारा) फक्त क्वार्टर इंच आउटला (गिटार केबलचं सॉकेट) लावता येतो. तिथे खर्ज उतरवा, एक्सएलआरवरून (माइक केबलचं तीन पिनांचं सॉकेट) मिक्सरला जाणारा सिग्नल जसाच्या तसा ठेवा.

दुसरी गोष्ट हॉर्नच्या दिशेची. उंच स्वर झोतासारखे सरळ जातात. वेजला चिकटून उभं राहिलं की हॉर्न गुडघ्यांना आवाज ऐकवतो, वाजवणाऱ्याला आवाज बोथट वाटतो, तो प्रेझेन्स वाढवतो, आणि समोरच्या रांगेतले लोक कान झाकतात. दीड-दोन मीटर मागे सरका किंवा वेजचा कोन वाढवा, हॉर्न डोळ्यांकडे आला पाहिजे. गायकाच्या माइकच्या तोंडासमोर मात्र तो येऊ देऊ नका. सगळा गिटार त्या माइकमध्ये शिरतो आणि साउंडवाल्याच्या हातात काही उरत नाही.

मिक्सरला चुकीच्या लेव्हलने सिग्नल देणे

मॉडेलरच्या मीटरवर लाल दिसत नाही, तरी पीएमधून आवाज फाटतो. कारण बहुधा हे असतं: एक्सएलआर आउट लाइन लेव्हलवर आहे आणि स्टेजबॉक्सच्या (स्टेजवरच्या केबल मिक्सरला नेणारी पेटी) माइक इनपुटमध्ये गेला आहे. लाइन लेव्हल माइक लेव्हलपेक्षा साधारण ४० डीबीने मोठी असते. आउट माइक लेव्हलवर करा, किंवा मिक्सरच्या चॅनलवर २० डीबीचा पॅड लावून घ्या. उलट, मिक्सरचा गेन पूर्ण उघडूनही आवाज कमी आणि सुरसुर जास्त असेल तर माइक लेव्हलचा सिग्नल लाइन इनपुटमध्ये चालला आहे.

तुमच्या चॅनलवरची ४८ व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सरमधून केबलवाटे माइकला जाणारी वीज) बंद करायला सांगा. छोट्या मिक्सरवर एकच बटण सगळ्या चॅनलना लागू असतं, तिथे ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स मधे घाला. क्वार्टर इंच आउटमधून तो माइक लेव्हलही करून देतो, फँटमही अडवतो. गिटारच्या बॅगेत तो कायम असावा.

मोठा व्हॉल्यूम नॉब नेमका कशावर चालतो तेही सेटिंगमध्ये पाहून ठेवा. तो एक्सएलआरलाही लागू असेल, तर तुम्ही वेज वाढवला की पीएमधला गिटारही वाढतो आणि साउंडवाला तो खाली ओढतो. रात्रभर हीच रस्सीखेच चालते. नॉब फक्त मॉनिटरच्या आउटला जोडा.

स्टीरिओ पॅच, मोनो स्टेज

बहुतेक ठिकाणी तुमच्या वाट्याला एकच चॅनल येतो. पिंग-पाँग डिले असेल आणि फक्त लेफ्ट घेतला तर एकाआड एक ठोके गायब होतात. एका बाजूला काही मिलीसेकंद उशीर देऊन रुंद केलेला आवाज मोनोत मिसळला की पोकळ होतो. दोन माइकच्या आयआरमध्ये १ मिलीसेकंदाचा फरक असेल, तर ते एकत्र आल्यावर ५०० आणि १५०० हर्ट्झवर खड्डे पडतात, म्हणजे नेमके गिटारच्या पोटात. कार्यक्रमासाठी पॅचच्या शेवटी मोनो ब्लॉक टाकून एकदा ऐका. बिघडला तर एकच आयआर ठेवा.

गेन जास्त, लीड गुदमरलेला

बँडमध्ये घरच्यापेक्षा बराच कमी गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) लागतो. गेन वाढला की प्रत्येक आघाताची धार दबते, आणि ऑक्टोपॅड-ढोलकीच्या गर्दीत तीच धार हवी असते. लीडसाठी हाय-गेन अँपच्या आधी बूस्ट लावला तर आवाज वाढत नाही, फक्त जास्त दाबला जातो. अँप आणि कॅबनंतर गेन ब्लॉक ठेवून ३ डीबी द्या. चॅनलवर जोरकस कंप्रेसर लावला असेल तर तो हे ३ डीबी गिळून टाकतो, म्हणून साउंडचेकला लीड वाजवून दाखवाच.

पॅचमधला आवाजाचा मेळ मीटर बघून बसत नाही. क्लीनचे शिखर उंच दिसतात, पण कानाला डिस्टॉर्शन मोठं वाटतं. लूपरमध्ये (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारा ब्लॉक) एक तुकडा भरा, स्टेजच्या आवाजात तो सगळ्या पॅचमधून फिरवा आणि कानाने जुळवा. रिव्हर्बचं मिक्स बंद हॉलमध्ये घरच्याच्या निम्मं करा.

घरघर आणि अचानक रीस्टार्ट

मंडपात जनरेटरवर घरघर आली म्हणून अर्थिंगची पिन कधीही काढू नका. जीव जाऊ शकतो. मॉडेलर आणि वेज एकाच बोर्डवरून घ्या, मग एक्सएलआर किंवा डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट (फक्त सिग्नल केबलचं ग्राउंड तोडणारं बटण) दाबा. यूएसबीने लॅपटॉप जोडला असेल तर तो काढून पाहा, बऱ्याचदा चोर तोच असतो. यंत्र मधेच रीस्टार्ट होत असेल तर अडॅप्टर तपासा. एचएक्स स्टॉम्पसोबत येणारा अडॅप्टर ९ व्होल्ट, ३ अँपिअरचा आहे. पेडलबोर्डच्या सप्लायचं ५०० मिलिअँपिअरचं तोंड त्याला पुरत नाही.

साउंडचेकला काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं तर आधी हेडफोन थेट मॉडेलरला लावा. तिथे आवाज नीट असेल तर पॅचला हात लावू नका, वेज मिक्सरमधून काढून थेट जोडा. तिथेही नीट असेल तर साउंडवाल्याला तुमच्या चॅनलचा ईक्यू सपाट करायला सांगा. आधीच्या बँडच्या गिटारसाठी फिरवलेले नॉब बहुतेक वेळा तसेच राहिलेले असतात.