मेन्यूतून लपवलं पण पेज उघडंच राहिलं

पहिल्या नोकरीत मला एका कोचिंग क्लासच्या साईटचं लॉगिन करायला दिलेलं, ॲडमिन, शिक्षक आणि विद्यार्थी अशा तीन लेव्हल. म्हटलं दोन दिवसांचं काम आहे. युझरच्या टेबलात रोल (ॲडमिन, शिक्षक की विद्यार्थी) नावाचा कॉलम टाकला, लॉगिन झालं की रोल बघून मेन्यू दाखवायचा, विद्यार्थ्याला 'मार्क भरा' हे बटणच दिसणार नाही, झालं की! डेमोला सगळे खूश. आठवडाभरात एका पोराने ॲड्रेस बारमध्ये त्या पेजचं नाव हाताने टाईप केलं आणि पेज सरळ उघडलं. त्याने स्वतःहून सरांना सांगितलं म्हणून वाचलो, मार्क बदलले नाहीत असं तरी तो म्हणाला.

बटण लपवणं ही फक्त दिसण्यापुरती सोय. प्रत्येक रिक्वेस्टला सर्व्हरवर तपासावंच लागतं, लॉगिन नसेल तर ४०१ हा एरर कोड (किंवा सरळ लॉगिन पेजवर पाठवा), लॉगिन आहे पण परवानगी नाही तर ४०३. आणि नुसता रोल बघूनही भागत नाही हे मला त्याहून उशिरा कळलं, कारण शिक्षक म्हणून लॉगिन केलं आणि यूआरएलमधला बॅचचा नंबर १२ चा १३ केला की दुसऱ्या सरांची बॅच दिसायची. म्हणजे ही बॅच ह्याचीच आहे का हेही डेटाबेसच्या क्वेरीतच बघायला हवं. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या टॉप टेन यादीत ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल (म्हणजे परवानगी नीट न तपासणं) पहिल्या नंबरवर आहे, त्यामुळे मी एकटाच येडा नव्हतो.

रोल साध्या कुकीत (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी माहिती) ठेवू नका, ब्राउझरमधून कोणीही बदलतो. सेशनमध्ये (सर्व्हरवर राहणारी लॉगिनची नोंद) ठेवा आणि लॉगिन झाल्यावर सेशन आयडी नवीन करा.

पासवर्ड मी एमडी५ करून ठेवलेले, म्हणजे पासवर्डचं न ओळखू येणारं रूप (हॅश) बनवायच्या जुन्या, कमजोर पद्धतीने (हसू नका). सीनियरने पीएचपी भाषेतलं पासवर्ड_हॅश हे फंक्शन वापरायला लावलं, ते पीएचपी ५.५ पासून आहेच. बदललं, आणि कुणाचंच लॉगिन होईना! अख्खी दुपार गेली. कॉलम एमडी५ च्या हिशोबाने ३२ अक्षरांचा, पासवर्ड_हॅश वापरतं त्या बीक्रिप्ट पद्धतीचा हॅश ६० चा, डेटाबेस निमूटपणे शेपूट कापून सेव्ह करत होता. कॉलम २५५ चा ठेवा.

आता कुठलंही लॉगिन झालं की मी ॲडमिनच्या सगळ्या लिंक एका फाईलीत कॉपी करतो, दुसऱ्या ब्राउझरमध्ये विद्यार्थी म्हणून घुसतो आणि एकेक पेस्ट करत बसतो, कंटाळवाणं आहे पण दर वेळी एखादी उघडतेच.