ठासणीचं पिस्तूल घेण्याआधी

गणेश, पुढच्या महिन्यात तू जालन्याहून जर्मनीला चाललास आणि फोनवर पहिला प्रश्न काय, तर "मामा, ठासणीचं पिस्तूल कोणतं घेऊ?" नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायचं ते पिस्तूल शेवटी रे, आधी कागद. आपल्याकडं जुन्याची नक्कल असली तरी दारूनं गोळी सुटते म्हणजे ते कायद्यानं शस्त्रच, 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. आजोबांची बंदूक आठव, दर निवडणुकीला ठाण्यात जमा. तेव्हा येताना बॅगेत घालून आणायचं डोक्यातून काढ. तिकडं 1871 च्या आधीच्या नमुन्याचं, एकनळी एकबारी, टोपीवालं (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी धातूची टोपी लावायचं) पिस्तूल 18 वर्षांवरच्याला परवान्याशिवाय विकत मिळतं. रिव्हॉल्व्हरला मात्र परवाना लागतो, आणि काळ्या दारूला वेगळाच, तोही शिकून परीक्षा दिल्यावर. म्हणून आधी नेमबाजीच्या क्लबात नाव घाल आणि दोन-तीन महिने त्यांचंच पिस्तूल चालव.

चकमकीचं घेऊ नकोस. दिसायला झकास, पण गारगोटीची ठिणगी रंजकात, म्हणजे नळीबाहेरच्या चिमूटभर दारूत, रंजकातून नळीत, तेवढ्यात नवशिक्याचा हात हललेला असतो. टोपीचंच घे, .44 किंवा .45 इंची नळीचं. इटलीत ब्रेशियाजवळ गार्दोने वाल त्रोम्पिया नावाचं गाव आहे, पेदरसोली कंपनीच्या जुन्या पिस्तुलांच्या नकला तिथल्याच. जुनं मिळालं तर रिकाम्या नळीत बॅटरी मारून गंजाचे खड्डे बघ. घोडा अर्ध्यावर ठेवून चाप दाब. पडला तर तसंच परत दे. मग डोळे मिटून हात उचल. उघडल्यावर माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) मागच्या खाचेत दिसली तर मूठ तुझ्या हाताची. नक्षीला भुलू नकोस.

बाकी सामान थोडंच: चष्मा, कानाला बोळे, शिशाच्या गोल गोळ्या, तेल लावलेल्या कापडाच्या चकत्या. दारू 20-25 ग्रेनच्या (साधारण दीड ग्रॅम) आसपास, पण पिस्तुलासोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच खरं. दारू घरून झाकणाच्या लहान कुप्यांत मोजून ने. डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, आत निखारा उरलेला असू शकतो. बिनधुराची दारू चुकूनही नको, नळी फुटते. गोळी ठासायच्या गजावर दोन रेघा मार, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. गोळी दारूला टेकली का, की गप्पांच्या नादात दोनदा भरलंस, ते रेघच सांगते.

त्याच संध्याकाळी गरम साबणाच्या पाण्यानं धू, सकाळपर्यंत गंज धरतो. घरमालकाला आधी सांगून ठेव, मोरीत कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो.