रुईवरचा सुरवंट घरात वाढवताना

प्लेन टायगर हे फुलपाखरू म्हणजे अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराचं आपल्याकडचं भावंड. दोघंही डॅनॉस या एकाच वंशातले (genus). याच्या सुरवंटाला रुईची पानं लागतात. कोथिंबीर-कोबी घालून उपयोग नाही. पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या दिसल्या की ओळख पक्की. मोनार्कला दोनच असतात.

शक्यतो पानाखालचं अंडं किंवा अगदी लहान अळी आणा. मोठ्या सुरवंटात बऱ्याचदा परजीवी माशीची अळी आधीच शिरलेली असते आणि मग कोषातून फुलपाखराऐवजी माश्या निघतात.

रुंद तोंडाची बरणी, तळाला कोरडा कागद, वर मलमलचं फडकं आणि रबरबँड. एका बरणीत दोन-तीनच ठेवा. पानं रोज ताजी, धुऊन पूर्ण पुसलेली हवीत. लेंड्या रोज काढा, कारण ओलावा आणि घाण साठली की सुरवंट काळे पडून लिबलिबीत होतात. असा एक दिसला की लगेच वेगळा करा. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून हात साबणाने धुवा.

सुरवंट खायचा थांबून गप्प बसला तर हलवू नका, तो कात टाकतोय. शेवटी तो उलटा लटकून कोष करतो. साधारण आठ-दहा दिवसांनी कोष पारदर्शक होऊन आतले नारिंगी पंख दिसतात. पंख पसरायला खाली मोकळी जागा नसेल तर ते कायमचे दुमडलेले राहतात. बाहेर आल्यावर गळणारं लालसर पाणी रक्त नव्हे. दोन-तीन तासांनी, ऊन असताना सोडा.