एमएसडब्ल्यू करायचंय? कॉलेज निवडण्यापासून ब्लॉक प्लेसमेंटपर्यंत

समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू, दोन वर्षांची आणि चार सत्रांची असते. कोणत्याही शाखेचा पदवीधर ती करू शकतो. बीएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदवी) झालेलं असलंच पाहिजे असं नाही. बीकॉम, बीएस्सी, नर्सिंग, अगदी इंजिनिअरिंग करून आलेली मुलंही या वर्गात असतात. गुणांची अट विद्यापीठागणिक बदलते, ती माहितीपत्रकात पाहून घ्या. या लेखात मी एका गोष्टीवर पुन्हा पुन्हा येणार आहे, ती म्हणजे फिल्डवर्क, संस्थेत किंवा वस्तीत जाऊन केलेलं प्रत्यक्ष काम. या पदवीचा जीव तिथे आहे.

अर्ज भरण्याआधी

आपल्या जवळच्या एखाद्या संस्थेत जाऊन काही आठवडे नियमित काम करा. वस्तीतली अभ्यासिका, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्र, काहीही चालेल. ‘लोकांना मदत करायला आवडतं’ एवढ्यावर दोन वर्षं निघत नाहीत. ज्याच्यासाठी आपण चार चकरा मारल्या तो माणूस पाचव्या वेळी दारच उघडत नाही, तेव्हा काय वाटतं हे आधी कळलेलं बरं.

कॉलेज निवडताना

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं विद्यालय निघालं, तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. ग्रामीण प्रश्नांत काम करायचं असेल तर टिसचं तुळजापूरचं केंद्र जरूर विचारात घ्या. मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, नागपुरात मातृसेवा संघाचं महाविद्यालय ही अनेक वर्षं चालत आलेली ठिकाणं आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांतही महाविद्यालयं आहेत आणि त्यांतली काही फार मनापासून शिकवतात.

नावावर जाऊ नका. दुसऱ्या वर्षाची मुलं गाठा आणि त्यांना सरळ विचारा: फिल्डवर्कला आठवड्यातून किती दिवस पाठवतात? साधारण दोन दिवस अपेक्षित असतात. आयसी, म्हणजे फिल्डवर्कच्या मार्गदर्शक प्राध्यापकांबरोबरची वैयक्तिक चर्चा, दर आठवड्याला खरोखर होते का? एका प्राध्यापकाकडे किती विद्यार्थी असतात? फिल्डवर्कला पाठवतात त्या संस्थेत प्रशिक्षित समाजकार्यकर्ता आहे, की मुलांना नुसतं कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडायला लावतात? या उत्तरांवरून कॉलेजची जेवढी पारख होते, तेवढी गुळगुळीत माहितीपत्रकावरून होत नाही.

प्रवेश परीक्षा आणि मुलाखत

टिससाठी सीयूईटी-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, द्यावी लागते. तिचे अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षी, हिवाळ्यातच निघतात. ‘निकाल लागला की बघू’ म्हणणाऱ्यांचं वर्ष तिथेच जातं. इतर ठिकाणी विद्यापीठाची किंवा कॉलेजची स्वतःची प्रक्रिया असते. त्यात लेखी परीक्षा, गटचर्चा आणि मुलाखत असू शकते.

मुलाखतीत हमखास विचारतात, तुमच्या भागातला मोठा प्रश्न कोणता? ‘बेरोजगारी’ असं एका शब्दात सांगून थांबू नका. बीडकडची एखादी मुलगी सांगते, ‘आमच्या गावातली कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात, त्यांची मुलं मग वर्गात दिसत नाहीत, आजी-आजोबा गावात असतील ती मुलं तेवढी टिकतात.’ तिने प्रश्न जवळून पाहिलाय हे समोरच्यांना लगेच कळतं. आपल्या तालुक्याबद्दल असं बोलता यावं इतकं पाहून, विचारून ठेवा.

पैसे आणि कागदपत्रं

अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडीच्या फीमध्ये मोठा फरक असतो. आपली जागा कोणत्या तुकडीत आहे हे प्रवेश घेण्याआधीच विचारा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर हे सगळं उन्हाळ्यातच काढून ठेवा. जून-जुलैत सेतू केंद्रावर रांगा लागतात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूचा दूरशिक्षण अभ्यासक्रम आहे. त्यातही फिल्डवर्क चुकत नाही.

फिल्डवर्क आणि नोंदी

पहिले काही आठवडे काहीच न करता नुसतं वस्तीत फिरतोय असं वाटेल. तेव्हाच खरं शिक्षण चाललेलं असतं. पाणी किती वाजता येतं, रेशन दुकानासमोर कोण भांडतं, बायका कुठल्या ओट्यावर बसतात, हे कळल्याशिवाय बचत गटाची बैठकसुद्धा धड लागत नाही.

मुलं नोंदी लिहायचा कंटाळा करतात आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. ‘आजी दुःखी होत्या, त्यांचे समुपदेशन केले’ अशी नोंद कुणाच्याच कामाची नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘निराधार योजनेचं अनुदान बंद झाल्याचं आजींनी सांगितलं. हयातीचा दाखला दिला होता का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, तो मुलगा देणार होता. मुलाचं नाव निघताच त्यांनी विषय बदलला. मी पुढे विचारलं नाही.’ आता मार्गदर्शकाला चर्चा करता येते: तलाठ्याकडे कोण जाणार, मुलाशी बोलायचं का, आजींना ते चालेल का? नोंद त्याच रात्री लिहा. दोन दिवस गेले की माणसाचे शब्द जातात आणि आपले उरतात.

ग्रामीण शिबिर आणि संशोधन प्रबंध हेही अभ्यासक्रमाचे भाग आहेत. प्रबंधाचा विषय फिल्डवर्कमधूनच घ्या. माणसं ओळखीची असतात, माहिती खरी मिळते.

विशेष विषय निवडताना

समुदाय विकास, कुटुंब व बालकल्याण, वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य, मानव संसाधन असे विषय असतात. सगळे सगळीकडे मिळत नाहीत. निवडण्याआधी त्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसाबरोबर एक दिवस घालवा. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तिथला समाजसेवक दिवसभर त्याचीच कागदपत्रं, नातेवाइकांची घालमेल आणि डॉक्टरांची घाई सांभाळत असतो. तुम्हाला हे रोज जमेल का, ते पाहा. बालकांच्या कामात २०१५ चा बाल न्याय अधिनियम पाठ हवा. मनोविकार समाजकार्यात पुढे जायचं असेल तर नुसत्या एमएसडब्ल्यूवर भागत नाही, त्यानंतरचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. दोन वर्षांचा हिशेब करताना तो काळही धरा.

शेवटच्या सत्रातली ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एका संस्थेत सलग केलेलं काम, साधारण महिनाभराची, पूर्णवेळ असते. घराजवळची सोयीची संस्था घेण्यापेक्षा जिथे नोकरी करावीशी वाटते तिथेच मागा, आणि त्यासाठीचं पत्र तिसऱ्या सत्रातच पाठवा. काम पाहिलेल्या मुलांना संस्था थेट बोलावतात.