रबाळे एमआयडीसीत ऊर्जा बचतीचं काम: नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

डिप्लोमा इलेक्ट्रिकल झाल्यावर मी कळव्याहून रबाळेला जायला लागले त्याला आता नऊ वर्षं झाली. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल, मग शेअर रिक्षा. गाड्यांचे पार्ट्स बनवणारी मध्यम कंपनी होती, मेंटेनन्समध्ये घेतलं होतं, आणि सहा महिन्यांनी साहेबांनी लाइट बिलाची फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले बघ गं यात काही कमी होतंय का. या फील्डमध्ये माझी सुरुवात अशी झाली. आता कॉलेजची ज्युनिअर मुलं विचारतात, ताई सस्टेनेबिलिटीमध्ये जायचंय, कुठला कोर्स करू? कोर्सचं खाली सांगते, पण त्याच्या आधी एक रविवार कॉम्प्रेसर रूममध्ये, म्हणजे मशीनसाठी हवा दाबून देणारं यंत्र असतं तिथे, काढा, असंच मी प्रत्येकाला सांगते.

सुरुवात बिलापासूनच करा मात्र. एचटी, म्हणजे हाय टेन्शन (उच्च दाबाच्या) कनेक्शनचं बिल नीट वाचता आलं की कंपनीचं निम्मं दुखणं कळतं. कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेला लोड) किती, त्या महिन्यात मॅक्झिमम डिमांड (प्रत्यक्ष घेतलेला सर्वात जास्त लोड) किती गेली, कुठल्या वेळेला किती युनिट. महाराष्ट्रात एप्रिल 2020 पासून एचटी ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे खरे वापरलेले युनिट भागिले पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खऱ्या कामाला लागलेला हिस्सा), तेव्हा तो 0.90 असेल तर 1 लाख युनिट खरे वापरले तरी पैसे जवळजवळ 1 लाख 11 हजार युनिटचे भरायचे. आधी पॉवर फॅक्टरची पेनल्टी वेगळ्या ओळीत दिसायची, आता ती युनिटमध्येच मुरलेली असते, म्हणून नवीन माणसाच्या लक्षातच येत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी लोड नसताना पॉवर फॅक्टर सुधारायला लावलेले कॅपॅसिटर तसेच चालू राहिले तर तो उलट बाजूला, म्हणजे लीडिंगला जातो, त्याचाही भुर्दंड पडतो. तेव्हा पॅनलवर सोमवारी नाही, रविवारी जाऊन बघा.

आता कॉम्प्रेसर. शॉप फ्लोअरवर हवा फुकट आहे असाच सगळ्यांचा समज असतो, शिफ्ट सुटताना लोक एअर गनने कपडे झाडतात, मशीन पुसायच्या ऐवजी हवा मारतात. खरं तर कारखान्यात सगळ्यात महाग पडणारी एनर्जी हीच, कारण कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो. आमच्याकडे 37 किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर होता, साधारण 220 सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला 220 घनफूट हवा देणारा. तिथल्या ऑपरेटर काकांनी मला लीकेज टेस्ट शिकवली, पुस्तकात मी ती नंतर वाचली. रविवारी प्लांट पूर्ण बंद, हवा वापरणारं एकही मशीन चालू नाही, फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि मोबाइलवर टाइम लावायचा. कोणी हवा घेतच नाहीये तर कॉम्प्रेसर लोड व्हायलाच (हवा भरायला लागायलाच) नको ना, पण तो होतो, कारण हवा गळतेय. आमचा दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिट अनलोड (हवा न भरता नुसता फिरत) यायचा. लोडच्या वेळेला लोड अधिक अनलोडच्या वेळेने भागायचं, आलं 30 टक्के. चार-पाच सायकल मोजून सरासरी काढा, एकावर विसंबू नका. नीट ठेवलेल्या प्लांटमध्ये हा आकडा 10 टक्क्यांच्या आत असायला पाहिजे.

मी लगेच हिशोब मांडला, 37 चे 30 टक्के म्हणजे 11 किलोवॅट, वर्षाचे 7200 तास, झाले 79 हजार युनिट, आणि तसा रिपोर्ट देऊनही टाकला. लीकेज काढल्यावर अकाउंटवाल्यांनी विचारलं की बचत एवढी दिसत का नाही. माझं चुकलं ते असं की अनलोडला असताना पण स्क्रू कॉम्प्रेसर फुल लोडच्या 25 ते 40 टक्के पॉवर खात असतो. अनलोडची पॉवर 30 टक्के धरली तर खरी बचत 56 हजार युनिटच्या आसपासच, तीसुद्धा सगळं लीकेज शून्यावर आणलं तर. 8 रुपये दराने तरी साडेचार लाखाच्या जवळ जाते, आणि ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला 39 टन. हे पण काही कमी नाही, पण आकडा पहिल्याच दिवशी खरा सांगायला हवा होता, कारण एकदा अकाउंटचा विश्वास गेला की पुढचं प्रपोजल पास व्हायला फार त्रास होतो.

लीकेज शोधायला महागडं मशीन पाहिजेच असं नाही. अल्ट्रासॉनिक डिटेक्टर असेल तर उत्तम, नाहीतर साबणाचं पाणी, ब्रश आणि शांतता. प्लांट बंद असताना लाइनच्या बाजूने चालत गेलं की सूं आवाज कानाला येतोच. बहुतेक गळती पीयू (प्लास्टिकच्या) ट्यूबच्या फिटिंगला, एफआरएलच्या (मशीनजवळच्या हवेच्या फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटरच्या) बाऊलला आणि पाणी सोडायच्या ड्रेन वॉल्व्हला सापडते. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत एवढी आर्द्रता की रिसीव्हरमध्ये, म्हणजे हवेच्या टाकीत, पाणी भराभर साठतं, ऑटो ड्रेन कचऱ्याने अडकून उघडा राहतो, किंवा कोणीतरी वैतागून ड्रेन थोडा उघडाच ठेवून देतं. जून ते सप्टेंबर ड्रेन रोज बघा.

एक चूक मुद्दाम लिहिते, कारण नवीन लोक हमखास हीच करतात. पुस्तकात वाचलं होतं की हवेचं प्रेशर 1 बारने (बार हे दाब मोजायचं एकक) कमी केलं की 6 ते 10 टक्के पॉवर वाचते. म्हणून मी कोणाला न विचारता सेटिंग साडेसातवरून साडेसहावर आणायला लावलं. दुपारी लाइनच्या शेवटच्या मशीनचा न्यूमॅटिक (हवेवर चालणारा) क्लॅम्प नीट धरेना, जॉब हलला, 40 पार्ट रिजेक्ट. काका रागावले नाहीत, मला लाइनच्या टोकाला घेऊन गेले आणि गेज दाखवला, तिथे पोचेपर्यंत प्रेशर आधीच जवळजवळ 1 बार पडत होतं, पाइप बारीक आणि फिल्टर चोंदलेला. पोरी, आधी इथला गेज बघायचा, म्हणाले. फिल्टर बदलला, हवा दोन्ही बाजूंनी पोचावी म्हणून पाइपचा एक लूप टाकला, मग प्रेशर थोडं थोडं उतरवत तीन आठवड्यांत साडेसहावर आलो आणि आजही तिथेच आहे. त्यांच्याकडे एक वही होती, रोजचे लोड-अनलोड तास पेनाने लिहिलेले, कित्येक वर्षांचे. माझा पहिला खरा बेसलाइन (तुलनेसाठी धरायचा आधीचा वापर) त्या वहीतून आला.

बाकीचं थोडक्यात. पंप-फॅनचा स्पीड 20 टक्के कमी केला तर पॉवर जवळपास निम्मी होते, म्हणून व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारं उपकरण) तिथे शोभतो, पण जिथे लोड कायम फुल आहे तिथे व्हीएफडी लावून काही मिळत नाही. बॉयलर असेल तर कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी) परत आणा, बॉयलरला जाणारं फीड वॉटर 6 डिग्रीने गरम झालं की 1 टक्का इंधन वाचतं. सोलर जरूर लावा, पण गळती काढून मग, नाहीतर छतावरची वीज पण त्या फिटिंगमधूनच जाणार.

आणि पाणी. रबाळे ज्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात येतं, त्यातलं टीटीसी म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक, आपण खाडीच्या काठावरच काम करतो. ती खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ईटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) लॉगबुक भरताना मला हे रोज आठवतं. ईटीपी ऑपरेटरशी ओळख करून घ्या, एमपीसीबीच्या (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटमधल्या, म्हणजे परवानगीतल्या, अटी स्वतः वाचा, सेफ्टी ऑफिसर वाचतील म्हणून सोडू नका.

नोकऱ्या आहेत, आणि वाढतायत. मोठ्या लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर (पर्यावरण-सामाजिक जबाबदारीच्या) रिपोर्टमध्ये वीज-पाणी-कचऱ्याचे आकडे द्यावे लागतात, त्यामुळे त्या छोट्या व्हेंडरकडे एक्सेल पाठवतात आणि तिथे ते भरणारं कोणी नसतं. युरोपला स्टीलचे बोल्ट-स्क्रू पाठवणाऱ्यांना सीबॅममुळे (युरोपच्या आयात मालावरच्या कार्बन शुल्कामुळे) कार्बनचा हिशोब मागतात. वागळे इस्टेट, महापे, तळोजा, कुठेही जा, मीटर रीडिंगवरून असा हिशोब बनवणारी मुलं शोधतायत. प्लांटचा एनर्जी सेल, ऑडिट करणाऱ्या फर्म, आयएसओ 50001 (ऊर्जा व्यवस्थापनाचं मानक) चं काम, असे रस्ते आहेत. मला विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं प्लांटमध्येच काढा.

आता कोर्स. बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटरची राष्ट्रीय परीक्षा असते, चार पेपर, पहिले तीन दोघांना, चौथा फक्त ऑडिटरला. चारही गाइडबुक बीईईच्या साइटवर फुकट आहेत, क्लास न लावता पास होता येतं, मी लोकलमध्ये वाचून झाले. तिसरं पुस्तक, म्हणजे इलेक्ट्रिकल युटिलिटीज, आधी घ्या, कारण ते वाचून दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये करून बघता येतं. इलेक्ट्रिकलवाल्यांना दुसरा पेपर, थर्मलचा, जड जातो, बॉयलरची गणितं रोज दोन तरी सोडवा. पात्रता शिक्षण आणि अनुभवाच्या वर्षांवर ठरते तेव्हा नोटिफिकेशन नीट वाचा, आणि अनुभवाचं पत्र आत्ताच घेऊन ठेवा. मला जुन्या कंपनीतून ते पत्र मिळायला दीड महिना लागला आणि तोपर्यंत फॉर्मची तारीख निघून गेली होती, पूर्ण एक अटेम्प्ट गेला.