फिरत्या उपदेशकाचा माग कसा काढावा

ख्रिस्ती इतिहासातील एखाद्या फिरत्या उपदेशकाचा अभ्यास करायला बसलेला वाचक बहुधा त्याच्या वाणीपासून, मैदानात लोटलेल्या गर्दीपासून आणि तुडवलेल्या वाटांपासून सुरुवात करतो. ही सुरुवात मला चुकीची वाटते. जो माणूस स्वतःचे घर सोडून गावोगाव हिंडत होता, त्याला रोज रात्री कोणाच्या तरी घरी पाठ टेकावी लागत होती, आणि त्याच्या कार्याचा टिकाऊ पुरावा पुष्कळदा त्या घरातच सापडतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: तो कोठे उतरला आणि त्याला भाकर कोणी दिली?

याची उत्तरे शोधण्याचा सराव नव्या करारापासून करता येतो. मार्काच्या शुभवर्तमानात येशू बारा शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो, तेव्हा भाकर, झोळी आणि कमरेला पैसे घेऊ नका असे सांगतो, पण काठी घेऊ देतो. मत्तयाच्या वृत्तांतात मात्र काठीलाही मनाई आहे. या फरकावर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु आपल्या कामाची गोष्ट दोन्हीकडे समान आहे, ती अशी की प्रवासी जाणूनबुजून यजमानावर अवलंबून ठेवलेला आहे. पौल प्रेषिताने करिंथ येथे वेगळी वाट धरली. तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला आणि तंबू करण्याच्या त्यांच्याच धंद्यात हात घालून पोट भरू लागला. उपदेशक कोणाच्या अन्नावर जगतो, यावरून तो कोणापुढे मोकळेपणाने बोलू शकतो हे ठरते, आणि पौलाला त्याची पूर्ण जाणीव होती, हे करिंथकरांस लिहिलेल्या त्याच्या पत्रांतून दिसते.

यजमानांची बाजू पाहण्यासाठी ‘दिदाखे’ ही आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी रचलेली नियमांची छोटी पुस्तिका अवश्य वाचावी. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचलेली ही पुस्तिका 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे एका हस्तलिखितात सापडली आणि 1883 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील नियम अतिशय रोखठोक आहेत: आलेल्या प्रेषिताचे प्रभूप्रमाणे स्वागत करावे, त्याने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे, तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा, निघताना त्याला पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्यावी, आणि त्याने पैसे मागितले तर तोही खोटाच. हे नियम वाचताना मला त्यांच्यामागची घरे दिसतात, आदराने दार उघडणारी आणि तरीही फसवणुकीचा अनुभव गाठीशी असलेली.

दुसरा प्रश्न परवानगीचा आहे: त्याला बोलण्याचा अधिकार कोणी दिला होता? मध्ययुगात या एका प्रश्नावर माणसांची नियती ठरली. लिओनचा व्यापारी वाल्डो याने 1170 च्या दशकात संपत्ती वाटून टाकली आणि त्याचे अनुयायी गरिबीत राहून उपदेश करू लागले. स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय उपदेश करू नये ही अट त्यांनी पाळली नाही आणि 1184 मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले. असिसीच्या फ्रान्सिसचे जीवन वरवर पाहता फारसे वेगळे नव्हते, पण पोप तिसरे इनोसंट यांनी त्याच्या लहानशा गटाला तोंडी मान्यता दिली आणि 1223 मध्ये त्याच्या संघाच्या नियमावलीवर शिक्कामोर्तब झाले. मधल्या काळात, 1215 च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने परवानगीविना उपदेश करणाऱ्यांना शिक्षा ठरवली आणि त्याच वेळी बिशपांनी योग्य उपदेशक नेमावेत असेही सांगितले. हे दोन्ही ठराव शेजारी ठेवून वाचावेत. बंदी आणि गरज एकाच वेळी बोलत आहेत. प्रोटेस्टंट जगातही हा वाद मिटला नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीने 1742 मध्ये निमंत्रणाशिवाय दुसऱ्याच्या पॅरिशमध्ये, म्हणजे दुसऱ्या धर्मगुरूला नेमून दिलेल्या हद्दीत, उपदेश करण्यावर कायद्यानेच निर्बंध घातले.

आकडे मात्र जपून वापरावेत. अठराव्या शतकातील इंग्रज उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड याच्या सभांना हजारो लोक येत असल्याच्या बातम्या बेंजामिन फ्रँकलिनला अतिशयोक्त वाटत होत्या, म्हणून फिलाडेल्फियात भाषण चालू असताना तो मागे मागे चालत गेला, आवाज कोठपर्यंत पोहोचतो ते त्याने पाहिले आणि तेवढ्या अर्धवर्तुळात तीस हजारांहून अधिक लोक ऐकू शकतील असा हिशेब मांडला. यावरून आवाजाची पोच समजते, त्या दिवशीची उपस्थिती समजत नाही. उपदेशकाने स्वतः रोजच्या रोज ठेवलेली नोंद अधिक उपयोगी पडते. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीतील जरीना ली या कृष्णवर्णीय स्त्रीने आत्मचरित्रात एका वर्षात 2,325 मैल प्रवास करून 178 प्रवचने दिल्याचे लिहिले आहे. स्त्री म्हणून तिला आधी नकार मिळाला होता आणि पुढे त्या मंडळीचे बिशप रिचर्ड अ‍ॅलन यांनी तिच्या पाचारणाला पाठिंबा दिला, हे लक्षात घेतले म्हणजे ती मैल आणि प्रवचने इतक्या काटेकोरपणे का मोजते ते उमगते. तो हिशेब हीच तिची साक्ष होती.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग: तो निघून गेल्यावर मागे काय उरले? इंग्लंडमधील मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली 2 एप्रिल 1739 रोजी ब्रिस्टल येथे प्रथमच उघड्यावर उपदेशाला उभा राहिला, तोही व्हाइटफील्डच्या आग्रहामुळे. वक्ता म्हणून व्हाइटफील्ड सरस होता, परंतु ऐकणाऱ्यांना लहान गटांत बांधण्याचे काम वेस्लीने अधिक चिकाटीने केले. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्याला प्रत्येकी एक पेनी जमवायची आणि सुमारे बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची असे ठरले. पैसे मागायला घरोघरी जाणाऱ्याला लोकांची सुखदुःखे कळू लागली आणि त्या व्यवस्थेतूनच ‘क्लास’ ही मेथडिस्टांची पायाभूत रचना उभी राहिली. अमेरिकेत मेथडिस्ट बिशप फ्रान्सिस अ‍ॅस्बरी याच्या देखरेखीखाली घोड्यावरून फिरणारा उपदेशक एकेका ठिकाणी काही आठवड्यांनीच परतत असे, आणि त्याचा वार्षिक मेहनताना 1800 पर्यंत 64 डॉलर होता. मधल्या दिवसांत मंडळी सांभाळणारे क्लासचे पुढारी शेतकरी, कारागीर आणि गृहिणी होते. त्यांची नावे चरित्रग्रंथांत क्वचितच येतात. ती सभासदांच्या याद्यांत आणि जमाखर्चाच्या वह्यांत शोधावी लागतात.

श्रोत्यांची साक्ष मिळाली तर ती कधीही सोडू नये. 1427 मध्ये इटलीतील सिएना येथे फ्रान्सिसच्या संघातील उपदेशक बर्नार्डिनो याने दिलेली प्रवचने एका कापड कारागिराने मेणाच्या पाट्यांवर शब्दशः टिपली आणि नंतर कागदावर उतरवली, त्यामुळे मध्येच श्रोत्यांना दटावणारा जिवंत आवाज आज ऐकू येतो. त्याच आवाजात ज्यू आणि चेटकीण ठरवलेल्या स्त्रिया यांच्याविरुद्ध चिथावणीही आहे. ती अभ्यासातून वगळू नये. वाणीने मने जोडली जातात तशी दुबळ्यांवर जमावही धावून जातो, आणि त्या जमावाने कोणाचे घर गाठले हेही आपल्या पहिल्याच प्रश्नात येते.

पहिला सराव म्हणून नव्या करारातील योहानाचे तिसरे पत्र घ्यावे, जे एका पानात मावते. त्यात गायस अनोळखी बंधूंना घरात घेतो, तर दियत्रफेस त्यांना दारातच अडवतो आणि घेऊ पाहणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवतो. कोण आले, कोणी पाठवले, कोणी ठेवून घेतले, कोणी नाकारले आणि पुढच्या वाटेची सोय कोणी करायची, हे पाच रकाने वहीत आखून त्या पत्रातील प्रत्येक वाक्य योग्य रकान्यात लिहावे. मग तीच वही घेऊन अ‍ॅस्बरीच्या रोजनिशीकडे वळावे.